हत्तीचा चारा

आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण. मोठे भाई धुळ्यात अब्बांच्या गॅरेजवर असतात, मधला जळगावला उर्दू माध्यमिक शाळेत शिकवतो आणि धाकटा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. हे लिहिणारा मधला. बी.एड. झाल्यामुळे घरातले सगळे अर्ज, तक्रारी आणि लग्नपत्रिकांचे मजकूर त्याच्याकडेच येतात, म्हणून हेही काम त्याच्याकडे आलं. पण या हकिकतीत ‘मी’ लिहायला जागा नाही. गाडी तिघांनी घेतली, बहिणीला न विचारता तिचे पैसे तिघांनी घातले, आणि शरमसुद्धा तिघांनी वाटून घेतली.

गाडी जर्मन होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या बाबतीत जे घडलं त्यात कंपनीपेक्षा आमचा दोष जास्त होता, आणि ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांना ‘जर्मन’ एवढं पुरे आहे. २०१० सालची, डिझेल, ऑटोमॅटिक, दोनशेच्या आसपास घोड्यांची ताकद, आत काळं कातडं आणि लाकडाची पट्टी. नवी असताना तीस लाखांच्या वर किंमत होती. आम्हाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये ६,४०,००० रुपयांत मिळाली. एवढ्या पैशात धुळ्याच्या शोरूममध्ये एक साधी छोटी गाडी आली असती.

स्वस्त का मिळाली, याला कारण होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत असेल तर मालक ती मिळेल त्या भावात विकून मोकळा होऊ लागला. अशा गाड्या ट्रकवर चढून किंवा चाकांवर चालत इंदूर, सेंधवा, शिरपूरमार्गे खाली उतरल्या. आग्रा रोडवर गॅरेज असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून त्या रोज जात. मोठ्या भाईंच्याही समोरून जात होत्या. त्यांच्या मनात लग्नाच्या गाडीचा विचार त्यातूनच आला.

खानदेशात लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, नवरदेवाची गाडी हा मोठा विषय असतो. पूर्वी ज्याच्याकडे अँबॅसिडर असेल त्याच्याकडे लोक जात. मग इनोव्हा आल्या. आता केळीवाल्या शेतकऱ्याच्या पोरालाही वाटतं की आपण लांब, काळ्या, जर्मन गाडीतून उतरावं. एका लग्नाचे ६,००० रुपये, सजावट गिऱ्हाइकाची. हंगामात पन्नास लग्नं धरली तर तीन लाख. दोन हंगामांत गाडी फुकट. हा हिशोब आम्ही एका चहात केला. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं कायद्यात बसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. ‘भाडं नाही, पेट्रोलपाण्याचे घेतो’ असं म्हणायचं आम्ही ठरवलं होतं. आमच्यातला शिक्षक वर्गात नागरिकशास्त्रही शिकवतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

पैसे असे जमले : मोठ्या भाईंचे दोन लाख, शिक्षकाने पतपेढीतून काढलेले दीड लाख, धाकट्याचे पन्नास हजार. राहिले २,४०,०००. ते अम्मींच्या लोखंडी कपाटात होते. भिशीचे आणि दोन बांगड्या मोडून आलेले, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले. लग्न २०२० च्या डिसेंबरात करायचं ठरत होतं. तोवर गाडी ते पैसे परत करील आणि वर अजून देईल, असं आम्ही अम्मींना सांगितलं. बहिणीला कुणी काही सांगितलं नाही.

अब्बांनी विरोध केला, पण एकच वाक्य बोलून. ते म्हणाले, ‘‘बेटा, हाथी सस्ता मिल रहा है. चारे का भाव पूछे क्या?’’

आम्ही विचारला नव्हता.

अब्बांविषयी थोडं सांगायला हवं. ते चौदाव्या वर्षी एका उस्तादाकडे पाने पुसायला लागले. त्या उस्तादांनी टाटाचे जुने ट्रक खोलले होते, ज्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. टेल्कोचा डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता, आणि त्या काळातले ट्रक पुढे कितीतरी वर्षं खानदेशातल्या रस्त्यांवरून कापसाच्या गाठी वाहत राहिले. नंतर अब्बांच्या हाताखाली आल्या काळ्या-पिवळ्या. साक्री, पिंपळनेर, शिंदखेड्याकडे माणसं कोंबून नेणाऱ्या ट्रॅक्स. त्या ट्रॅक्सच्या पोटातलं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, ते परवान्यावर बनवलं होतं. अब्बा ते इंजिन डोळे मिटून बांधत. त्यामुळे ‘जर्मन गाडी तुम्हाला जमणार नाही’ असं कुणी म्हटलं की ते हसत. चाळीस वर्षं ते जर्मनच तर खोलत होते, फक्त वर पत्रा वेगळा होता.

२०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. पासष्ट कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली. आम्ही तेव्हा शिकत होतो. पेपरातला फोटो धाकट्याने अब्बांना दाखवला. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना होताच, पुढे ऑडीचीही जुळणी तिथे सुरू झाली. त्यामुळे अजिंठ्याच्या पलीकडचं ते शहर आम्हाला मोटारींचं मक्का-मदिना वाटायचं (अम्मी हे वाचतील तर रागावतील). अब्बांनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘‘अच्छा है. दस साल बाद ये सब अपने लोगों के पास आएंगी.’’ अपने लोग म्हणजे मिस्त्री. नवी गाडी शोरूमवाल्याची असते आणि म्हातारी गाडी मिस्त्रीची, हा त्यांचा अनुभव. फक्त आपलेच मुलगे म्हातारी गाडी विकत घेऊन दारात उभी करतील, हे त्यांना दिसलं नव्हतं.

गाडी आली तेव्हा मोहल्ल्यातली सगळी पोरं तिच्याभोवती. किलोमीटर ६२,००० दाखवत होती. पंधरवड्यात धाकट्याने एका ओळखीच्या मुलाला बोलावलं. हा मुलगा छत्रपती संभाजीनगरहून लॅपटॉप आणि तारा घेऊन गावोगाव फिरतो. त्याने गाडीला तार जोडली, आणि पाच मिनिटांनी विचारलं, ‘‘भाई, मीटर किसने देखा था?’’ मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो. पण अशा गाड्यांत गिअरबॉक्सचा वेगळा संगणक असतो, तो आपली वेगळी नोंद ठेवतो, आणि विकणाऱ्याला तिथवर जायचा आळस आला होता. खरा आकडा होता १,७१,०००. दिल्लीच्या विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. धाकटा दोन दिवस जेवला नाही, कारण गाडी पाहायला तोच गेला होता.

मग आरटीओ. दिल्लीचं ना-हरकत आणलं, धुळ्याचा एमएच १८ क्रमांक मिळवला, आणि तेव्हा कळलं की कर आपण दिलेल्या किमतीवर नसतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर धरतात आणि वयाप्रमाणे कमी करतात. आम्ही सहा लाखांवर हिशोब केला होता, त्यांनी तीस लाखांच्या वरून सुरुवात केली. ती रक्कम इथे लिहीत नाही. मोठे भाई हे वाचणार आहेत.

तरीही पहिला हंगाम बरा गेला. नोव्हेंबर ते मार्च, अकरा लग्नं. मुक्तीच्या एका लग्नात म्हाताऱ्या आजीने गाडीच्या बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि मोठ्या भाईंना विचारलं, ‘‘कितली लेस रे भाऊ हाई गाडी?’’ भाईंनी ‘दोस्ताची आहे’ असं सांगून वेळ मारली. फुलांच्या चिकटपट्टीने रंग ओढला जातो, गुलाल एसीत शिरतो, आणि नवरदेवाचे मित्र सनरूफमधून बाहेर निघून नाचतात, हे सगळं त्या हंगामात शिकलो. मग २०२० चा मार्च आला. लग्नं बंद. गाडी गॅरेजच्या मागे निंबाखाली उभी राहिली, आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खाते हे आम्हाला तेव्हा समजलं.

सहा महिन्यांत बॅटरी गेली. साधी बॅटरी चालत नाही. जी चालते ती १४,५०० ची, आणि नुसती बसवूनही भागत नाही. लॅपटॉपवाल्याला बोलावून गाडीला ‘आता नवी बॅटरी आहे’ असं कळवावं लागतं, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज करत राहते. अब्बांना हे मुळीच पटेना. ‘‘पुर्जा लगा दिया तो लग गया. पहचान कराने का क्या मतलब? रिश्ता करना है क्या?’’ टायर कडक झाले होते, चार टायरांचे ४६,०००. खालच्या दांड्यांचे रबरी बुश फाटले होते. जर्मन रस्त्यासाठी बनवलेलं मऊ रबर आणि आमचा जळगाव-धुळे महामार्ग, म्हणजे पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३. तरसोद ते फागणे चौपदरीकरणाचं काम इतकी वर्षं चाललं होतं की आमच्या शाळेतली मुलं पाचवीला आली तेव्हा जे वळण होतं तेच दहावीच्या निरोप समारंभालाही होतं. दांड्यांना ४१,००० लागले. दांड्या सुट्या मिळतात, पण कंपनीचा माणूस जोड बदला म्हणतो, आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

खरी कहाणी इंजेक्टरची. ती नीट सांगतो, कारण ज्या लोकांना जुनी जर्मन डिझेल घ्यायची इच्छा आहे त्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

जुन्या ट्रॅक्समध्ये पंप डिझेल ढकलतो आणि इंजेक्टर त्यामानाने कमी दाबाला उघडतो. त्यात थोडा कचरा आला, थोडं पाणी आलं, थोडं रॉकेलही आलं तरी इंजिन खोकत खोकत पुढे जातं. नव्या पद्धतीत एकाच नळीत डिझेल १,६०० ते २,००० बारांवर दाबून ठेवलेलं असतं आणि संगणक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाने इंजेक्टर उघडतो, मिटतो. ताकद आणि शांतपणा त्यातूनच येतो. पण त्याला डिझेल स्वच्छ लागतं. २०१० साली दिल्ली-मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांत भारत स्टेज चारचं, दशलक्ष भागांत पन्नास भाग गंधकाचं डिझेल मिळू लागलं, पण बाकी देशात साडेतीनशे भागांचंच होतं. सगळ्या देशात स्टेज चार आलं १ एप्रिल २०१७ ला, आणि दहा भागांचं स्टेज सहा २०२० मध्ये. म्हणजे एखादी जर्मन गाडी लहान गावात वाढली असेल तर तिने आयुष्याची पहिली सात वर्षं न सोसणारं पाणी पिऊन काढलेली असतात. आमची निदान दिल्लीत वाढली होती. मग तिला खानदेशातल्या कुठल्याशा पंपावर आम्ही काय पाजलं ते आम्हालाच माहीत नाही.

२०२१ च्या सुरुवातीला गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली. सिग्नलवर स्टिअरिंग असं हलायचं की जणू ताप भरलाय. मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी यंत्र लावलं, कागद काढला, चारही इंजेक्टर बदला. एकाचे ३८,०००. चारांचे दीड लाखाच्या वर, मजुरी वेगळी. आमच्यातल्या शिक्षकाने शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना ८,००० मानधनावर काढली होती. त्याने तिथे उभ्या उभ्या भागाकार केला. एक इंजेक्टर म्हणजे पावणेपाच महिने वर्ग, पर्यवेक्षण आणि निवडणूक ड्युटी.

गाडी तशीच थरथरत धुळ्याला आणली. अब्बांनी कागद उलटा धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. आम्ही लहानपणापासून हे पाहत आलो आहोत. एकेक इंजेक्टर ऐकून म्हणाले, ‘‘दो बीमार हैं. दो को बीमारों ने बदनाम किया.’’ खात्री करायला धाकट्याला शेजारच्या दवाखान्यात पाठवलं. चार रिकाम्या सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या आणायला. इंजेक्टरमधून जे डिझेल वाया परत जातं त्याची नळी काढून प्रत्येकाला एक बाटली लावली आणि इंजिन तीन मिनिटं चालवलं. दोन बाटल्यांत बोटभर डिझेल, दोन अर्ध्याच्या वर भरल्या. जो इंजेक्टर आतून झिजलाय तो जास्त परत टाकतो. एवढंच त्यातलं शास्त्र.

बी.एड.ला आम्हाला नैदानिक कसोटी आणि उपचारात्मक अध्यापन असा एक घटक होता. मुलाला गणित येत नाही असं म्हणून सगळं गणित पुन्हा शिकवू नये, हातच्याची वजाबाकी अडते की स्थानिक किंमत अडते ते आधी शोधावं, असं त्यात होतं. परीक्षेत त्यावर दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी, सलाईनच्या बाटल्यांत.

दोन इंजेक्टर मालेगावच्या पंपरूममध्ये दुरुस्त झाले, ११,००० ला एक. आमचे कॉइलचे होते म्हणून झाले. काही गाड्यांत पिझो जातीचे असतात, ते सहसा दुरुस्त होत नाहीत, फेकावेच लागतात. घेण्याआधी हे विचारून घ्यावं. बसवल्यावर गाडी चालूच होईना व्यवस्थित, कारण प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक लांब आकडा असतो आणि तो संगणकाला सांगावा लागतो. पुन्हा लॅपटॉपवाला, २,५००. तो मुलगा बोनेटवर लॅपटॉप ठेवून आकडे टाकत होता आणि अब्बा शेजारी स्टुलावर बसून इंजिन ऐकत होते. एका क्षणी मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, स्क्रीन पे सब ठीक आ गया.’’ अब्बा म्हणाले, ‘‘दो मिनट रुक. मेरे को अभी नहीं आया.’’ मग थोड्या वेळाने मान हलवली. त्या मुलाने त्या दिवसापासून अब्बांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि त्याच्या अडलेल्या गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या. या सगळ्या प्रकरणात आम्हाला मिळालेला नफा असेल तर तो एवढाच.

इतकं होऊनही आम्ही म्हणणार नाही की ह्या गाड्या वाईट असतात. रात्री पारोळ्याच्या पुढे रस्ता रिकामा असताना तिने जो दम दाखवला तो आम्ही कुठल्याच गाडीत पाहिला नाही. आणि चुका मोठमोठ्यांच्या होतात. मर्सिडीजने २००४ च्या मे महिन्यात इलेक्ट्रॉनिक ब्रेकपायी ६,८०,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. फोक्सवॅगनला २०१३ साली चीनमध्ये गिअरबॉक्सच्या दोषासाठी ३,८४,१८१ गाड्या परत घ्याव्या लागल्या. फरक इतकाच की नव्या गाडीची चूक कंपनी भरते आणि दहा वर्षांनी तीच चूक जो घेईल तो भरतो. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सहा लाखांची गाडी दुरुस्तीला तीस लाखांचीच राहते. हे इतकं साधं आहे की आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर बदलायचं नाही’ असं अनेक गाड्यांच्या बाबतीत सांगितलं जातं. पण कितीतरी जर्मन गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला म्हणते. आमच्या गाडीचं पावणेदोन लाखाला काढलं तेव्हा ते चहाच्या गाळासारखं होतं. तेल, गाळणी आणि खालचं झाकण, २७,०००. इंजिनाच्या मोंटिंगा आणि ग्लो प्लग, ३२,०००.

आणि टर्बो.

टर्बोने शिटी वाजवायला सुरुवात केली २०२१ च्या पावसाळ्यात. नवा लाखाच्या वर होता, आतला गाभा बदलून ५८,००० ला झाला. पैसे मोठ्या भाईंनी कुठून आणले ते आम्ही विचारलं नाही. लग्नाची तारीख तोवर दोनदा पुढे गेली होती. लोकांना आम्ही लॉकडाउन सांगत होतो, आणि लोकांना ते पटतही होतं, कारण त्या वर्षी सगळ्यांचंच काहीतरी पुढे गेलं होतं.

बहीण टॅली शिकलेली. गॅरेजचे हिशोब तीच लिहायची. बिलं एका पिशवीत साठत होती, ती तिने एका दुपारी काढून वहीत उतरवली. संध्याकाळी आम्ही तिघे अंगणात बसलो होतो. ती वही घेऊन आली आणि मोठ्या भाईंना विचारलं, ‘‘बड़े भाई, टर्बो क्या होता है?’’

भाईंना वाटलं, सहज विचारते. त्यांनी उत्साहाने समजावलं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्या जोराने एक पंखा फिरतो, तो पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो, दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. म्हणून ताकद येते.

ती म्हणाली, ‘‘मतलब मेरे पैसे धुएँ पे घूम रहे.’’

तिला केव्हापासून माहीत होतं, हे आम्ही आजवर विचारलेलं नाही. तिने आवाज चढवला नाही. वही भाईंच्या मांडीवर ठेवली आणि आत चहा करायला गेली, आणि तो चहा आम्हाला प्यावा लागला. नंतर वही पाहिली. अक्षर सुंदर. तारीख, तपशील, रक्कम. शेवटी एक ओळ ‘अब्बा की मजदूरी’ म्हणून लिहिलेली आणि तिच्यापुढची जागा कोरी सोडलेली. आम्ही तिघांनी कधी त्या ओळीचा विचारच केला नव्हता. कंबर दुखत असताना गाडीखाली ते पाठीवर झोपत होते आणि आम्ही ती फुकटात जमा धरत होतो.

लग्न २०२२ च्या नोव्हेंबरात झालं. पतपेढीचं दुसरं कर्ज काढलं, ते अजून पगारातून कापलं जातं. त्याआधी मे महिन्यात पारोळ्याजवळ एका नवरदेवाला घेऊन जाताना गाडीने भर दुपारी वाफ सोडली होती. पंचेचाळीस अंशांत पाण्याच्या टाकीचं प्लास्टिक फाटलं. नवरदेव शेरवानीत रिक्षात बसून गेला. टाकी, थर्मोस्टॅट, नळ्या मिळून १९,८००. त्यानंतर लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं. म्हणून बहिणीच्या रुखसतीसाठी इनोव्हा सांगितली होती. ती नाही म्हणाली. ‘‘मेरे पैसे की है, मैं तो उसी में जाऊँगी.’’

मालेगावपर्यंत पन्नास किलोमीटर. मोठे भाई चालवत होते, अब्बा पुढे, मागे ती आणि दूल्हेभाई. आम्ही दोघे मागच्या इनोव्हात. रुखसतीला बाप रडतात. अब्बा रडले नाहीत असं भाई सांगतात. त्यांनी काच खाली केली होती आणि सबंध रस्ता कान बाहेर काढून बसले होते. मालेगावला उतरल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘तीसरे नंबर पे हल्की आवाज है. वापसी में धीरे चला.’’ परतीच्या वाटेला काच बंद होती.

२०२३ मध्ये गाडी विकली. पंधरा वर्षं २०२५ ला पुरी होणार होती. खासगी गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० वर गेलं आहे, पर्यावरण कर वेगळा, फिटनेससाठी जे करावं लागेल ते वेगळं. शिरपूरच्या एका पोराने घेतली, २,४०,००० ला. आम्ही त्याला मीटरचं खरं सांगितलं, वहीची झेरॉक्स दिली, सलाईनच्या बाटल्यांची गोष्टही सांगितली. त्याने सगळं ऐकलं, आणि मग गाडीभोवती एक चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून आम्हाला कळलं की याने काहीच ऐकलेलं नाही. चार वर्षांपूर्वी दिल्लीत धाकट्याचा चेहरा असाच असणार.

वहीप्रमाणे दुरुस्तीचे २,६२,८०० झाले. इंजिन ऑइल, गाळण्या, कर आणि ती कोरी ओळ सोडून. लग्नं एकूण अठरा, त्यांचे १,०८,०००. विक्रीचे दोन लाख चाळीस हजार आम्ही त्याच दिवशी बहिणीच्या खात्यात भरले. तिचा फोन आला, ‘‘ब्याज कहाँ है?’’ आम्ही गप्प. मग ती हसली. आम्हाला हसायला दोन दिवस लागले.

गेल्या रमजानमध्ये रात्री तरावीहनंतर शिरपूरच्या पोराचा फोन आला. गाडी दहिवदजवळ ढाब्यावर उभी, पिवळा दिवा लागलाय, काय करू. धाकट्याने विचारलं, लॅपटॉपवाल्याला फोन केला का? तो उचलत नाही म्हणाला. अब्बांनी हात पुढे करून मोबाइल घेतला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गॅरेजवर ते आता तासभरच बसतात. ते म्हणाले, ‘‘बोनेट खोल. चालू रख. फोन इंजिन के पास ले जा, और तू कुछ मत बोल.’’

फोनमधून आधी ट्रक गेल्याचा आवाज आला, मग ढाब्यावरचं गाणं, मग ते बंद झालं. अम्मींनी उठून पंखा बंद केला.